मताचा अधिकार आणि मताचे मोल : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे एक चरित्र

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी साधता येतील :

• एखाद्या व्यक्तीच्या समग्र जीवनातून एकच सूत्र निवडून चरित्र कसे लिहिले जाते, हे सांगता येईल.
• भारतातील प्रौढ मताधिकाराची वाटचाल डॉ. आंबेडकरांच्या जीवनाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• मतदानाविषयीच्या निराशेचा विचार चरित्राच्या प्रकाशात करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. लक्षावधी मतांमध्ये माझ्या एका मताने काय होणार? तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकत आहेत. रांगेत उभे राहून मत दिल्यानंतर पाच वर्षे रस्ता तसाच खड्ड्यांचा आणि नळ तसाच कोरडा राहिल्याचा अनुभव तुम्हीही घेतला असेल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मत दिले नाही. त्यांतील प्रत्येकजण आळशी होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोणी गावापासून दूर होता, कोणाचे नाव यादीत नव्हते, आणि कोणाचा विश्वास उडालेला होता.

विश्वास उडालेल्या मतदाराशी बोलायचे असेल, तर विजयी पुढाऱ्याचे चरित्र फारसे उपयोगी पडत नाही. ज्याला मताने सर्व काही मिळाले, त्याने मताची थोरवी सांगितली तर त्यात नवल काय? म्हणून या घटकात आपण अशा पुरुषाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याने वयाच्या २७ व्या वर्षापासून सर्वसामान्य माणसाच्या मतासाठी युक्तिवाद केला, ज्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले तिच्या मसुद्याची जबाबदारी वाहिली, आणि त्याच मताधिकारावर झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत ज्याला दोनदा पराभव पत्करावा लागला.

डॉ. आंबेडकरांचे जीवन बहुआयामी आहे. अर्थतज्ज्ञ, कायदेपंडित, संपादक, धर्मचिंतक अशा अनेक अंगांनी त्यांची चरित्रे लिहिली गेली आहेत. येथे आपण मत हा एकच धागा हाती धरणार आहोत. बाकीच्या घटना या धाग्याला जेथे स्पर्श करतात, तेवढ्यापुरत्याच येतील.

२. शब्दाकडून अर्थाकडे

आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. तेव्हा आरंभी शब्दांकडे पाहू. मराठीत मत या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, एखाद्या विषयावरील आपला अभिप्राय. दुसरा, निवडणुकीत नोंदवलेली पसंती. इंग्रजीत या दोन अर्थांना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीने ते एकत्र बांधले. ज्याचे मत विचारले जात नाही त्याला मत नाही, हे वाक्य मराठीत दोन्ही अर्थांनी खरे ठरते.

दुसरा शब्द मतदान. यातील उत्तरपद दान हे आहे. अन्नदान, वस्त्रदान, कन्यादान या शब्दांच्या पंगतीत हा शब्द बसतो आणि नकळत असे सुचवतो की, मतदार हा दाता असून त्याने उदारपणे काही देऊन टाकायचे आहे. दान एकदा दिले की त्याचा हिशेब विचारायचा नसतो, असा आपला संस्कार आहे. मताधिकार हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला आहे. अधिकाराचा हिशेब ठेवावा लागतो, तो कोणी हिरावून घेतला तर जाब विचारावा लागतो. आंबेडकरांच्या जीवनात मत नेहमी या दुसऱ्या कुळातील शब्द म्हणून वावरते. हा भेद लक्षात ठेवून पुढे चला.

३. ज्यांचे मत विचारले जात नव्हते

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. कुटुंबाचे मूळ गाव कोकणातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे. महार जातीत जन्मलेल्या या मुलाला साताऱ्याच्या शाळेत वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच ते मिळे. शिपाई नसला तर पाणीही नाही.

या अनुभवाचा आपल्या विषयाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध असा की, त्या शाळेचे नियम ज्यांनी केले, त्यांना या मुलाच्या वडिलांचे मत विचारात घेण्याचे काहीच कारण नव्हते. ब्रिटिश सैन्यात सुभेदारपदापर्यंत चढलेला माणूसही गावाच्या आणि शाळेच्या व्यवस्थेत मोजला जात नव्हता.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून आणि नंतर एल्फिन्स्टन कॉलेजातून शिक्षण घेऊन १९१२ साली आंबेडकर बी. ए. झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट ठेवून १९१७ मध्ये परतले. बडोद्यात नोकरी सुरू केली, तेव्हा परदेशी पदव्या मिळवलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. अखेर शहर सोडावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्वत्ता माणसाला पद मिळवून देते, पण समाजात मोजले जाण्याचा हक्क देत नाही, हा धडा त्यांना एव्हाना मिळाला होता.

४. साउथबरो समिती : पहिला युक्तिवाद

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानला काही राजकीय सुधारणा देण्याचे ठरवले. मत कोणाला द्यायचे, हे ठरवण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. जानेवारी १९१९ मध्ये या समितीपुढे आंबेडकरांनी मुंबईत साक्ष दिली. तेव्हा ते कोणत्याही पक्षाचे पुढारी नव्हते. एक तरुण प्राध्यापक, एवढीच त्यांची ओळख होती.

त्या काळी मताची पात्रता मालमत्ता, जमीनमहसूल किंवा प्राप्तिकर यांवर ठरत असे. आंबेडकरांनी या व्यवस्थेतील गोम दाखवून दिली. अस्पृश्यांना जमीन घेऊ दिली जात नाही, व्यापार करू दिला जात नाही, त्यांच्या हातचा माल कोणी विकत घेत नाही. म्हणजे समाजाने आधी त्यांना मालमत्तेपासून दूर ठेवायचे, आणि मग मालमत्ता नाही म्हणून सरकारने त्यांना मतापासून दूर ठेवायचे. म्हणून अस्पृश्यांसाठी पात्रतेची अट खाली आणावी आणि त्यांना आपले प्रतिनिधी निवडता यावेत, अशी त्यांची मागणी होती.

या साक्षीत आणखी एक सूक्ष्म विचार होता. त्यांच्या दृष्टीने मत देणे हा केवळ शासन निवडण्याचा मार्ग नव्हता; सार्वजनिक जीवनात सहभागी होऊन माणूस घडतो, तेव्हा सहभाग हेच एक शिक्षण होते. हा विचार ते अखेरपर्यंत सोडत नाहीत.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने त्यांची मागणी मान्य केली नाही. अस्पृश्यांना मोजक्या नामनियुक्त जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केले आणि त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांना मत नाही त्यांना वाणी तरी असावी, हा त्या नावामागचा भाव सहज जाणवतो.

५. सर्वांना मत : प्रौढ मताधिकाराची मागणी

लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करून ते १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात ते नामनियुक्त सभासद म्हणून दाखल झाले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. हे तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता. तो कागदावरच राहिला होता. विधिमंडळातील ठराव आणि तळ्यातील पाणी यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी दिसले. म्हणूनच आंबेडकरांनी मताची मागणी करताना चळवळ कधी थांबवली नाही, आणि चळवळ करताना मताची मागणीही सोडली नाही.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी निवेदन सादर केले. त्यात प्रौढ मताधिकाराची स्पष्ट मागणी होती. प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ मान्य, तो मिळणार नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. सर्वांना मत मिळाले की उमेदवाराला सर्वांच्या दारी जावे लागेल, हा त्यामागील हिशेब होता.

निरक्षरांच्या हाती मत कसे द्यायचे, हा आक्षेप त्या वेळी सुशिक्षितांच्या तोंडी सर्रास असे. मे १९२९ मधील आपल्या स्वतंत्र अहवालात आंबेडकरांनी त्याचा समाचार घेतला. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो असे मानणे ही एक चूक, आणि साक्षरतेने शहाणपण येतेच असे मानणे ही दुसरी चूक. शिवाय ज्यांना शिक्षणाची दारे समाजानेच बंद केली, त्यांचे अज्ञान त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून कसे वापरता येईल? आपले हित कशात आहे, हे शेतमजुराला कळते; ते सांगण्याची सोय त्याला नाही, एवढेच.

येथे चरित्रकाराने न्याय राखला पाहिजे. प्रौढ मताधिकाराची मागणी एकट्या आंबेडकरांची नव्हती. १९२८ च्या नेहरू अहवालातही ती होती आणि १९३१ च्या कराची काँग्रेसनेही ती स्वीकारली. आंबेडकरांचे वेगळेपण हे की, ज्यांना मत मिळण्याची शक्यता सर्वांत कमी होती, त्यांच्या बाजूने उभे राहून त्यांनी हा प्रश्न मांडला.

६. दोन मते आणि एक करार

गोलमेज परिषदांनंतर १६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मतदारांना दोन मते देण्यात आली होती. एक मत स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात इतरांच्या बरोबरीने. या दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्य वस्तीत मत मागायला यावे लागले असते. आंबेडकरांना या दुसऱ्या मताचे मोल फार वाटत होते.

महात्मा गांधींनी या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबरपासून येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. एकीकडे गांधींचे प्राण आणि देशभर अस्पृश्यांवर ओढवू शकणारा रोष, दुसरीकडे नुकताच हाती आलेला अधिकार. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. अस्पृश्यांच्या प्रांतिक जागा वाढून १४८ झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ आणि दुसरे मत मात्र गेले. नव्या व्यवस्थेत अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून एकाची अंतिम निवड सर्व मतदारांनी करायची, असे ठरले.

या व्यवस्थेची फलश्रुती काय, याचा थोडा विचार करा. ज्याला अस्पृश्यांची पसंती सर्वांत जास्त, तो अंतिम फेरीत पडू शकतो; कारण तेथे संख्या इतरांची आहे. जागा वाढल्या, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरवण्याची शक्ती कमी झाली. मतांची मोजणी कशी होते, यावर मताचा अर्थ अवलंबून असतो, हे आंबेडकरांनी १९३२ मध्ये जाणले. वीस वर्षांनी हाच धडा त्यांच्या स्वतःच्या पराभवात पुन्हा समोर येणार होता.

७. विधिमंडळात गेल्यावर

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढून सुमारे तीन-साडेतीन कोटी झाली होती. बहुसंख्य जनता अजूनही बाहेरच होती. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने मुंबई इलाख्यात उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. आंबेडकर स्वतःही मुंबईतून विजयी झाले.

या विजयाचे त्यांनी काय केले? सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी विधिमंडळात आणले. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार. कुळांकडून तो मनमानी वसूल करी, आणि त्या कुळांत महारांबरोबर कुणबी, आगरीही होते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. बहुमत दुसऱ्या पक्षाचे होते.

मतदानाबद्दल निराश झालेल्या माणसाने हे प्रकरण येथेच मिटले असते. आम्ही मत दिले, आमचा माणूस निवडून आला, त्याने विधेयक आणले, आणि काही झाले नाही! परंतु इतिहास आणखी बारा वर्षे पुढे वाचा. मुंबई सरकारने १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा केला. त्याचे श्रेय कोणा एकाचे नाही. कोकणातील शेतकरी चळवळ, कुळांचा रेटा, बदललेला काळ या सर्वांचा त्यात वाटा होता. पण प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडून विधिमंडळाच्या दप्तरात नोंदवला गेला, तो १९३७ च्या मतांमुळे. मताचे फळ अनेकदा मत देणाऱ्याच्या हयातीतल्या वेगळ्याच ऋतूत पिकते.

८. राज्यघटनेतील मत

१९४६ च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला. पुणे कराराने आणलेल्या दोन फेऱ्यांच्या पद्धतीचा फटका या वेळी पुरता जाणवला. संविधान सभेत ते बंगालच्या विधिमंडळातून गेले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा १९४७ मध्ये मुंबईतून पुन्हा निवडले गेले. स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदामंत्री झाले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने २१ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, स्त्री असो वा पुरुष, मताचा अधिकार दिला. पुढे ६१ व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा १८ वर्षांवर आणली. अनुच्छेद ३२५ ने एका मतदारसंघासाठी एकच मतदारयादी ठरवली आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणालाही यादीतून वगळता येणार नाही, अशी तरतूद केली.

यापेक्षा कमी चर्चिली जाणारी एक गोष्ट तुम्ही अवश्य लक्षात ठेवा. मूळ मसुद्यात प्रांतांसाठी स्वतंत्र निवडणूक आयोगांची कल्पना होती. जून १९४९ मध्ये आंबेडकरांनी ती बदलून संपूर्ण देशासाठी एकच केंद्रीय निवडणूक आयोग सुचवला. कारण व्यवहारातले होते. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदारयादीतून गाळली जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. अधिकार घटनेत लिहिला आणि नाव यादीत नसले, तर तो अधिकार म्हणजे कोरडी विहीर. आजचा अनुच्छेद ३२४ या चिंतेतून आकाराला आला.

तरीही त्यांनी मताला सर्वरोगहारक औषध मानले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी एका विसंगतीकडे लक्ष वेधले. राजकारणात सर्वांचे मत समान मोलाचे होणार होते. सामाजिक आणि आर्थिक जीवनातली विषमता मात्र कायम राहणार होती. ही विसंगती फार काळ चालू राहिली, तर ज्यांना ती सोसावी लागते तेच एक दिवस लोकशाहीची इमारत उलथून टाकतील, अशी त्यांची भीती होती. मतदाराची निराशा कोठून जन्म घेते, याचे निदान पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधी त्यांनी करून ठेवले होते.

९. मत कुजवणे : १९५२ आणि १९५४

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी ती चार महिने चालली. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार, त्यांतील बहुतेक निरक्षर; म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी. सुमारे २८ लाख स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी ओळख नोंदवल्यामुळे त्यांची नावे वगळावी लागली. ज्यांनी मत दिले त्यांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते.

आंबेडकर उत्तर मुंबई मतदारसंघातून उभे राहिले. हा मतदारसंघ दोन सभासदांचा होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेचा निकालही सर्व मतदारांच्या मतांनीच ठरे. फेडरेशनची युती समाजवादी पक्षाशी होती आणि अशोक मेहता हे आंबेडकरांचे जोडीदार उमेदवार होते.

निकाल लागला तेव्हा राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर विजयी झाले. त्यांना १,३८,१३७ मते पडली, आंबेडकरांना १,२३,५७६. घटनेच्या शिल्पकाराला तिच्यानुसार भरलेल्या पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही.

या निवडणुकीने मराठीच्या राजकीय शब्दसंग्रहात एक शब्दप्रयोग रूढ केला : मत कुजवणे. आपल्या पसंतीच्या उमेदवाराला एक मत द्यायचे आणि दुसरे मत कोणालाच मिळणार नाही असे वाया घालवायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची संख्या वाढत नाही. शेतकऱ्याच्या भाषेतला हा शब्द किती अचूक आहे, पाहा. पिकलेले धान्य ना स्वतः खायचे, ना दुसऱ्याला द्यायचे; पडून सडू द्यायचे. आंबेडकर आणि मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली. ७०,००० हून अधिक मतपत्रिका बाद झाल्या, आणि कम्युनिस्ट उमेदवार श्रीपाद अमृत डांगे यांच्या बाजूने मते वाया घालवण्याचा प्रचार झाला, असे त्यांचे म्हणणे होते. याचिका फेटाळली गेली. आंबेडकर मुंबई विधानसभेतून राज्यसभेवर गेले.

१९५४ मध्ये भंडारा येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. येथेही दोन जागा, दोन मते. येथेही अशोक मेहता जोडीला. या प्रचारातली एक आठवण सांगितली जाते. आपल्या अनुयायांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे विजय सोपा होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. ज्याने प्रत्येकाला मत मिळावे म्हणून आयुष्य वेचले, त्याने मत सडवायला सांगावे हे त्यांना पटणारे नव्हते. पराभव झाला तरी चालेल, पण दोन्ही मते वापरली गेली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर आंबेडकर पडले.

या प्रसंगाचा अर्थ तुम्ही तुमच्या परीने लावा. व्यवहारी माणूस म्हणेल की, हा भाबडेपणा होता. पण आपल्या समोरचा प्रश्न मत वापरावे की वाया जाऊ द्यावे हाच आहे, आणि ज्या माणसाला मत वाया गेल्याने लाभ होणार होता, त्याने दिलेले हे उत्तर आहे.

१०. पराभवानंतर

दोन पराभवांनंतर आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराविषयी पश्चात्ताप व्यक्त केला नाही, किंवा निवडणुकीच्या राजकारणातून आपला पक्ष मागेही घेतला नाही. १९५६ मध्ये फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सहभागी झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी चालू असतानाच ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महानिर्वाण झाले.

१९५७ च्या निवडणुकीत द्वैभाषिक मुंबई राज्याचा प्रश्न मतपेटीतून विचारला गेला. ज्या कम्युनिस्टांशी १९५२ मध्ये फेडरेशनचे वैर होते, ते या वेळी समितीत त्याच्या शेजारी उभे होते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका बसला. समितीला सत्ता मिळाली नाही. तथापि मराठी भाषकांचे म्हणणे काय आहे, याविषयी दिल्लीला शंका उरली नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. याच निवडणुकीत आंबेडकरांचे निकटचे सहकारी दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. ज्या दारातून गुरूला दोनदा परत फिरावे लागले, त्यातून सहकारी आत गेला.

ज्या दोन सभासदी मतदारसंघांनी मत कुजवण्याची युक्ती शक्य केली, ते १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. मोजणीची सदोष पद्धतही बदलता येते, आणि ती संसदेतच बदलावी लागते.

११. समारोप

मित्रहो, आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. एका मताने काय होते? या चरित्रातून मिळणारे उत्तर सरळ आहे. एका मताने सरकार क्वचितच बदलते, आणि आपल्या पसंतीचा माणूस निवडून आला तरी आपले काम होईलच असे नाही. १९३७ चा विजय विधेयक मंजूर करून घेऊ शकला नाही, आणि १९५२ ची सव्वा लाख मते एक जागा मिळवून देऊ शकली नाहीत. मताची ही मर्यादा आंबेडकरांना तुमच्या-आमच्याइतकीच, किंबहुना अधिक, ठाऊक होती.

पण साताऱ्याच्या शाळेतील त्या गोणपाटाची आठवण ठेवा. तेथे नियम करणाऱ्याला त्या मुलाच्या घरी येण्याची गरज नव्हती. आज कोणताही उमेदवार, त्याची इच्छा असो वा नसो, त्या वस्तीत हात जोडून येतो. त्या जोडलेल्या हातांत प्रामाणिकपणा असेलच असे नाही. तरीही ते जोडावे लागतात, आणि ही सक्ती मताने निर्माण केली आहे. ज्या वस्तीने मत देणे सोडले, तेथे येण्याची गरज उमेदवाराला हळूहळू वाटेनाशी होते. मग यादीतली नावे गळाली तरी कोणी विचारत नाही.

मत दिल्याने नागरिकाचे काम संपते, असेही हे चरित्र सांगत नाही. ३२४ वा अनुच्छेद, खोतीविरोधी मोर्चा, निवडणूक याचिका, महाडचे तळे ही सर्व मताच्या आजूबाजूची कामे आहेत. दान देणारा देऊन निघून जातो. अधिकार असलेला माणूस मागे थांबून हिशेब पाहतो. मतदान या शब्दातील दान बाजूला ठेवून मताधिकारातील अधिकार उचलणे, हा या चरित्राचा आपल्यासाठीचा अर्थ आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. साउथबरो समितीपुढील साक्षीत मालमत्तेच्या अटीविरुद्ध आंबेडकरांनी कोणता युक्तिवाद केला? तुमच्या शब्दांत लिहा.

२. पुणे करारातील दोन फेऱ्यांची पद्धत आणि १९५२ मधील दोन सभासदी मतदारसंघ यांतील साम्य स्पष्ट करा.

३. मतदान, मताधिकार आणि मत कुजवणे या तीन शब्दप्रयोगांतून मताविषयीच्या कोणत्या तीन दृष्टी व्यक्त होतात?

४. तुमच्या परिसरातील मतदान न करणाऱ्या एका प्रौढ व्यक्तीशी बोला. तिची कारणे तिच्याच दृष्टिकोनातून, कोणताही उपदेश न करता, २०० शब्दांत लिहा. त्यानंतर या घटकातील कोणती घटना तिला सांगावीशी वाटते आणि का, ते नोंदवा.